जुनी बरोसा शिराझ: बाटली उघडण्यापासून शेवटच्या घोटापर्यंत

शिराझ या लाल वाइनची जुनी बाटली हाती आली की लोक पहिलं विचारतात, "किती वेळ आधी उघडून ठेवायची?" मला वाटतं, त्याआधी हिच्यात शोधायचं काय ते ठरवावं. नवी शिराझ ओळखायला सोपी. गडद जांभळा रंग, गच्च फळ, तोंडभर चव; सगळं पहिल्याच घोटात समोर येतं. दहा-पंधरा वर्षांनी फळाचा तो जोर ओसरतो आणि त्याच्या आड असलेले वास वर यायला लागतात: चामडं, तंबाखू, सुकं अंजीर, पावसात कुजलेली पानं. हे वास एकदम येत नाहीत. काही बाटली उघडताच येतात, काही तासाभराने, आणि काही येऊन निघूनही जातात. म्हणून अशा बाटलीसाठी माझी अट एकच असते. त्या संध्याकाळी दुसरी बाटली उघडायची नाही आणि हिला तीन तास द्यायचे.

मी मूळची तासगावची. घरची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड यांत वाढले. आता साउथ ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला राहते आणि शनिवार-रविवारी बरोसा खोऱ्यात, टनुंडा गावाजवळच्या एका लहान वाइनरीच्या टेस्टिंग रूममध्ये पाहुण्यांना वाइन ओतते, समजावून सांगते. ॲडलेडहून गाडीने तासाभराचा रस्ता. मेलबर्न-सिडनीची मराठी कुटुंबं, भारतातून मुलांकडे आलेले आईवडील, सगळे येतात. त्यांतले बरेच जण जाताना एखादी जुनी बाटली घेतात आणि मग घरी ती कशी उघडायची, कशी चाखायची हे मेसेज करून विचारतात. त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगते तेच इथे सलग लिहिते आहे.

बाटली निवडताना

शिराझ आणि सिरा ही एकच द्राक्षजात, मूळची फ्रान्सच्या आग्नेय भागातली, ऱ्होन नदीकडची. जेम्स बस्बी यांनी १८३२ साली युरोपातून वेलींच्या काड्या ऑस्ट्रेलियात आणल्या, त्यांत ती होती. १८४२ पासून बरोसात सायलेशियाहून आलेली जर्मन लुथरन कुटुंबं वसत गेली आणि त्यांनी ती लावली. १८४३ साली लावलेली शिराझची एक बाग टनुंडाच्या लांगमाइल वाइनरीकडे आजही फळ देते आहे.

आमच्या तासगावकडच्या कुणाही बागायतदाराला हे ऐकून आधी विश्वास बसत नाही. आपल्याकडे पंधरा-वीस वर्षांत बाग म्हातारी होते, काढून नवी लावावी लागते. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, वेलीला विश्रांती अशी नाहीच. इथे छाटणी वर्षातून एकदा, जून ते ऑगस्टच्या थंडीत, वेल झोपलेली असताना. शिवाय आपल्या वेली डॉगरिज या दुसऱ्या जातीच्या खुंटावर कलम केलेल्या, तर बरोसातल्या या जुन्या वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. युरोपातल्या बागा एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने उद्ध्वस्त केल्या. ऑस्ट्रेलियातही १८७७ साली ती व्हिक्टोरियात सापडली. साउथ ऑस्ट्रेलियाने मात्र रोपं, माती, यंत्रं यांवर कडक निर्बंध घातले आणि तिला आजवर आत येऊ दिलेलं नाही. २००९ पासून बरोसात वेलींच्या वयाप्रमाणे नावं ठरलेली आहेत: ३५ वर्षांपुढची ओल्ड, ७० पुढची सर्व्हायव्हर, १०० पुढची सेंटेनेरियन आणि १२५ पुढची ॲन्सेस्टर. लेबलवर यांतला एखादा शब्द दिसला तर तो नुसता मिरवायला नसतो. जुनी वेल कमी घड धरते, आणि त्या कमी घडांत रस दाट उतरतो. अशी वाइन वर्षानुवर्षं टिकायला ताकद लागते ती इथून मिळते.

साल पाहा. बरोसात २०१० आणि २०१२ ही उत्तम वर्षं मानतात, आणि ती आता चाखायला अगदी योग्य वयात आली आहेत. २०११ थंड आणि ओलं गेलं, बागांत बुरशी शिरली; त्या सालची बाटली विक्रेत्यावर भरवसा असेल तरच घ्या. २००८ ला मार्चमध्ये ॲडलेडला सलग १५ दिवस पारा ३५ अंशांच्या वर होता. ज्यांनी त्याआधी तोडणी उरकली त्यांच्या वाइन सुंदर आहेत, ज्यांची द्राक्षं वेलीवर राहिली त्यांच्या वाइनमध्ये शिजवलेल्या फळाची चव येते.

आणि लाकूड पाहा, म्हणजे वाइन कसल्या पिंपांत मुरली ते, कारण जुन्या शिराझचा अर्धा स्वभाव त्यावर ठरतो. पेनफोल्ड्स या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या दोन वाइन शेजारी ठेवल्या की हे लख्ख कळतं. ग्रेंज नव्याकोऱ्या अमेरिकन ओकच्या पिंपांत मुरते. सेंट हेन्री मोठ्या, जुन्या लाकडी पिंपांत, ज्यांच्यातून लाकडाचा वास जवळजवळ उतरतच नाही. ग्रेंजची किंमत हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात जाते, ती प्रत्येकाने घ्यावी असं मी मुळीच म्हणणार नाही. जुनी शिराझ पहिल्यांदा समजून घ्यायची असेल तर मी सेंट हेन्रीच्या बाजूची, कमी लाकडाची वाइन सुचवते. वयामुळे काय बदललं ते तिच्यात उघडं दिसतं.

ग्रेंजची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पेनफोल्ड्सचे वाइनमेकर मॅक्स शूबर्ट १९५० साली युरोपात गेले, फ्रान्समधल्या बोर्दोत वीस-तीस वर्षं टिकणाऱ्या वाइन त्यांनी पाहिल्या, आणि परत येऊन १९५१ साली शिराझची पहिली प्रायोगिक वाइन केली. ती नवी असताना ज्यांनी चाखली त्यांना ती आवडली नाही. १९५७ साली कंपनीने काम बंद करायचा हुकूम दिला. शूबर्ट यांनी तळघरात गुपचूप ती करणं चालू ठेवलं: ५७, ५८, ५९, तिन्ही वर्षं. दरम्यान सुरुवातीच्या बाटल्या मुरल्या, वरिष्ठांनी त्या पुन्हा चाखल्या, आणि १९६० पासून उघडपणे करायची परवानगी मिळाली. वाइनची कृती तीच होती, मधे फक्त काही वर्षं गेली होती. तुम्ही हातात जी बाटली धरली आहे तिच्यातही हीच वर्षं चाखायची आहेत.

आणलेली बाटली सांभाळणं

भारतात येताना प्रत्येक प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे नेहमीच्या ७५० मिलीच्या दोन बाटल्या. विमानातून आलेली जुनी बाटली त्याच आठवड्यात उघडू नका. प्रवासात गाळ सगळीकडे मिसळतो आणि वाइन मुकी होते. निदान तीन आठवडे तिला गार, अंधाऱ्या जागी पडू द्या.

ही गार जागा फार महत्त्वाची. १२ ते १४ अंश हवेत. सांगलीचा मे किंवा मुंबईचा ऑक्टोबर या वाइनला दोन महिन्यांत म्हातारं करतो. फ्रीजच्या वर, स्वयंपाकघराच्या माळ्यावर, देवघराशेजारच्या काचेच्या कपाटात ठेवलेल्या बाटल्या मी पाहिल्या आहेत. वाइन कूलर नसेल तर जुनी वाइन घरी साठवायच्या भानगडीत पडू नये. आणावी, विश्रांतीपुरती फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी आणि प्यावी. बूच लाकडी असेल तर बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. फिरकीचं झाकण असेल तर कशीही चालेल. फिरकीचं झाकण पाहून नाक मुरडू नका. ऑस्ट्रेलियात चांगल्या चांगल्या वाइन त्यात येतात आणि त्याच्या आत शिराझ छान मुरते, थोडी सावकाश इतकंच.

उघडण्याच्या दोन दिवस आधी

बाटली उभी करा. जुन्या शिराझमध्ये गाळ भरपूर असतो, कारण रंगद्रव्यं आणि टॅनिन (वाइनला तुरट करणारी द्रव्यं) वर्षानुवर्षं एकमेकांना धरत मोठी होतात आणि शेवटी जड होऊन तळाला बसतात. वाइनचा रंग फिका होणं आणि तुरटपणा मऊ होणं ही दोन्ही याच घडामोडीची फळं. गाळ खराब नसतो, पण तोंडात कडवट, भरभरीत लागतो. दोन दिवसांत तो नीट खाली बसतो.

त्याच वेळी मानेजवळ पाहा, वाइनची पातळी कुठे आहे. पंधरा-वीस वर्षांच्या बाटलीत ती मानेत किंवा मानेच्या बुडाशी असावी. खांद्याच्या बरीच खाली गेली असेल तर हवा शिरलेली आहे. बूच वर उचललं गेलं असेल आणि कडेने चिकट ओघळ वाळलेला असेल तर बाटली कुठेतरी उन्हात तापली होती.

पेल्यांचीही तयारी आधी करा. मोठ्या पोटाचे, वर निमुळते होत जाणारे, पातळ काचेचे आणि दांडीचे पेले हवेत; महागडे नसले तरी चालतील. रिकाम्या पेल्यात नाक घालून वास घ्या. आपल्याकडे पेले कपाटात उपडे ठेवायची पद्धत, आणि त्याच कपाटात कधी डांबरगोळ्या, कधी नव्या प्लायवूडचा वास. तो वास पेल्यात साचतो. साबण न लावता गरम पाण्याने धुवा, सुती फडक्याने पुसा, सुलटे ठेवा. त्या संध्याकाळी उदबत्ती नको, अत्तर नको, मोगऱ्याचा गजराही नको. फोडणी दुपारीच घालून ठेवा आणि खिडक्या उघडा.

नाक तयार करायचं असेल तर मसाल्याचा डबा काढा. मी नव्या पाहुण्यांना टेस्टिंग रूममध्ये हेच करायला लावते: लहान वाट्यांत ठेचलेली मिरी, एक लवंग, सुक्या खोबऱ्याचा तुकडा, काळे बेदाणे, सुकं अंजीर, निलगिरीचं एक पान. डोळे मिटून एकेक हुंगायचं. हे उगाच निवडलेले पदार्थ नाहीत. लवंगेला तिचा वास देणारं युजेनॉल भाजलेल्या ओक लाकडातूनही वाइनमध्ये उतरतं. अमेरिकन ओकमधल्या लॅक्टोन नावाच्या द्रव्यांना खोबऱ्याचाच वास असतो. निलगिरीची झाडं बागेच्या बांधावर असली तर त्यांचं सिनिओल द्राक्षांवर बसतं आणि थेट बाटलीत येतं. मिरीची गोष्ट तर सगळ्यांत सुंदर. शिराझमध्ये मिरीचा वास का येतो हे कोडं ॲडलेडच्या ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटने २००८ साली सोडवलं. द्रव्याचं नाव रोटंडोन, आणि आपल्या काळ्या मिरीत जे असतं ते हेच. थंड भागातल्या शिराझमध्ये ते जास्त, बरोसाच्या उन्हात कमी. सुमारे पाचांतल्या एकाला त्याचा वास येतच नाही. बाकीच्यांना मिरी जाणवली आणि तुम्हाला नाही, तर तुमचं काही चुकत नाही. नाकाची घडण तशी आहे.

बूच आणि गाळणं

जुनं बूच ओलं आणि ठिसूळ होतं. साध्या मळसूत्राने ते मधेच तुटतं. आह-सो म्हणतात ते दोन पातळ पात्यांचं उपकरण आणा; पाती बूच आणि काच यांच्या फटीत आलटून पालटून सरकवायची आणि हलकेच फिरवत वर घ्यायचं. बूच आत पडलंच तर घाबरू नका, चहाच्या नव्या, धुतलेल्या गाळणीतून वाइन ओता.

तापमान १६ ते १८ अंश. रूम टेंपरेचर हा शब्द युरोपातल्या गार घरांतून आलेला आहे, पुण्याच्या एप्रिलमधल्या खोलीसाठी तो नाही. ३० अंशांच्या खोलीतली बाटली उभीच फ्रीजमध्ये दीडेक तास ठेवा. गरम शिराझमधून फक्त अल्कोहोलचा भपका येतो, आणि हिच्यात ते १४-१५ टक्के असतं. फार गार झाली तर तुरटपणा टोचतो, पण ते दुरुस्त करता येतं: पेला तळहातांत धरला की पाच मिनिटांत वास खुलतात. त्यामुळे चुकायचंच तर गारच्या बाजूला चुका.

आता तो पहिला प्रश्न, किती वेळ आधी. माझं मत असं. पाच-सहा वर्षांची तगडी शिराझ दोन-तीन तास आधी मोठ्या भांड्यात ओतून ठेवली तर तिचं भलं होतं. पंधरा-वीस वर्षांची असेल तर फक्त गाळ वेगळा करण्यापुरती ओता, तीही पिण्याच्या वीस मिनिटं आधी. तीस वर्षांच्या पुढची असेल तर भांड्यात ओतूच नका. बाटलीतून सरळ पेल्यात, अलगद. तिचे वास नाजूक असतात, आणि हवा लागून उडून जाणारे वास परत आणता येत नाहीत. बाटली नुसती उघडून ठेवल्याने मात्र फारसं काही होत नाही. मानेएवढ्या तोंडातून हवा लागून लागून लागणार किती.

ओतताना मोबाइलचा दिवा बाटलीच्या खांद्याखाली धरा. एका दमात, न थांबता ओता, कारण बाटली मधे सरळ केली की गाळ उसळतो. खांद्याशी काळी रेघ सरकत आलेली दिसली की थांबा. तळाला दोन-चार चमचे राहतील, राहू द्या.

पेल्यात

पेल्याच्या तळाशी थोडीच घाला, साठ-सत्तर मिली. पांढऱ्या कागदावर पेला तिरका करा आणि कडेकडे पाहा. मध्यभागापेक्षा वय कडेला आधी दिसतं. नव्या शिराझची कड जांभळी असते, आठ-दहा वर्षांची माणकासारखी लाल, पंधरा-वीस वर्षांची विटकरी. त्याहून जुनी असेल तर कड काताच्या रंगाकडे झुकते. मध्यभाग लाल आणि कड विटकरी असेल तर प्रकृती उत्तम. सगळीच तपकिरी, निस्तेज झाली असेल तर वाइन थकली. पेला हलवल्यावर आतून ओघळ उतरतात, त्यांवरून दर्जा ठरवणारे पुष्कळ भेटतील. ते ओघळ अल्कोहोलच्या उडण्यामुळे होतात, दर्जाशी त्यांचा संबंध नाही.

पहिला वास पेला न हलवता घ्या. हे मी आग्रहाने सांगते, कारण जुन्या वाइनचे सगळ्यांत हलके वास फक्त तेव्हाच पृष्ठभागावर असतात. घाईने गरगर फिरवलंत की ते गेले. दोन-तीन लहान हुंगे घ्या, थांबा. मग हळू फिरवून पुन्हा. नाक थकलं, काहीच येईनासं झालं, तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्या. नाक पुन्हा जागेवर येतं.

काय शोधायचं? आधी फळ. ते अजून ताजं आहे की सुकलेलं? जांभूळ, करवंद, तुती येत असेल तर वाइन वयाच्या मानाने तरुण आहे. काळा बेदाणा, खजूर, सुकं अंजीर येत असेल तर ती मुरली आहे. तासगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये पंधराव्या दिवशी जाळीवरून जो दाट, गोडसर, किंचित आंबूस वास येतो तो मला जुन्या बरोसा शिराझमध्ये हमखास सापडतो. तुम्हाला तुमच्या घरचं काहीतरी सापडेल. परदेशी पुस्तकांत ब्लॅकबेरी, बॉइझनबेरी लिहिलेलं असतं, ती फळं कधी खाल्ली नसतील तर ती शोधत बसू नका.

मग लाकूड: खोबरं, व्हॅनिला, लवंग, धूर. जुन्या वाइनमध्ये हे वेगळं उठून दिसू नये, फळात विरघळलेलं असावं. पंधरा वर्षांनंतरही नुसतं खोबरंच येत असेल तर लाकूड जास्त झालं होतं.

आणि शेवटी वय. चामड्याची जुनी पिशवी, विड्याच्या दुकानातली सुकी तंबाखू, जमीन उकरल्यावरची ओली माती, अळंबी, कधी मटणाच्या सुक्या तुकड्याचा वास. हे वास फळातून येत नाहीत, लाकडातूनही नाहीत. बंद बाटलीत, हवेवाचून, सावकाश तयार होतात. ते कितीही वाट पाहून एका वर्षात मिळत नाहीत आणि जास्त पैसे दिल्यानेही नव्या वाइनमध्ये घालता येत नाहीत. बाटलीची किंमत तुम्ही यासाठी मोजलेली आहे. इथे थांबा. पेला हातात घेऊन गप्प बसा, शेजारच्यांशी नंतर बोला.

चव घेताना चमचाभर वाइन तोंडात घ्या, चूळ भरल्यासारखी सगळीकडे फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. आवाज होतो, होऊ द्या. जिभेच्या टोकाला गोड आणि कडेला आंबट असा नकाशा शाळेत शिकवला असेल, तो चुकीचा आहे. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात. आंबटपणा लाळेवरून मोजा. गिळल्यावर तोंडाला पाणी सुटत असेल तर आम्ल शाबूत आहे आणि वाइनमध्ये अजून जीव आहे. तुरटपणा हिरड्यांवर मोजा. कच्चं केळं किंवा सुपारी चावल्यावर हिरड्या आवळतात तसं नव्या शिराझने होतं. चांगल्या जुन्या शिराझमध्ये तो आवळ असतो, पण त्याला टोक नसतं, बारीक पिठाच्या थरासारखा हिरड्यांवर बसतो. घोट गिळला की नाकाने श्वास सोडा. घशामागून नाकात चढणारा वास हा चवीचा मोठा भाग आहे आणि घाईत पिणाऱ्यांच्या हातून तोच निसटतो. मग मनात आकडे मोजा. साधी वाइन पाच-सहापर्यंत संपते. उत्तम जुनी शिराझ वीस, पंचवीस, तीसपर्यंत रेंगाळते आणि जाता जाता बदलत जाते: आधी फळ, मग मिरी, मग तंबाखू.

आता पेला खाली ठेवा आणि लिहा. चार शब्द पुरेत. वीस मिनिटांनी पुन्हा, तासाने पुन्हा, दोन तासांनी पुन्हा, त्याच पेल्यातली थोडीशी राखून. उघडल्या उघडल्या जी वाइन बंद-बंद, किंचित कुबट वाटली होती तीच चाळिसाव्या मिनिटाला फुलते, हे मी वारंवार पाहिलं आहे. उलटही होतं. फार जुनी असेल तर अर्ध्या तासात उंची गाठून उतरायला लागते, तेव्हा तिला थांबवून धरू नका, पिऊन घ्या.

बिघडलेली ओळखणं

ओल्या पुठ्ठ्याचा, तळघरात भिजलेल्या वर्तमानपत्राचा वास येत असेल आणि फळ पुसून टाकल्यासारखं वाटत असेल तर बुचातून टीसीए नावाचं कुबट वासाचं द्रव्य आलेलं आहे. ते थांबून जात नाही, वाढतं. नेलपॉलिशचा वास तीव्र असेल तर वाइनमध्ये उडणारं आम्ल, व्हिनेगरसारखं, जास्त झालं आहे. शिळ्या सफरचंदाचा वास आणि तपकिरी रंग असेल तर हवा शिरली. जखमेवरच्या पट्टीचा किंवा गोठ्याचा वास ब्रेटॅनोमायसिस नावाच्या यीस्टमुळे येतो. थोडा असेल तर जुन्या चालीच्या वाइनमध्ये काहींना आवडतो, मला नाही. बुचाचा दोष दिसला तर विक्रेत्याला बाटलीसकट सांगा, चांगले विक्रेते बदलून देतात.

सोबत काय

तांबडा रस्सा नको. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंड पेटवतं, त्यावर १४ टक्के अल्कोहोल आणि टॅनिन गेलं की फक्त जाळ कळतो. मी आमच्याकडचं अळणी, म्हणजे बिनतिखटाचं मटण करते: मटण, मीठ, हळद, आलं-लसूण, थोडी मिरी, मंद आचेवर तासन्‌तास. त्या मटणाच्या चरबीत आणि मुरलेल्या शिराझमध्ये काय जमतं ते सांगून कळायचं नाही, एकदा करून पाहा. शाकाहारी घरात अळंबी लोण्यावर परतून, किंवा मिरची न घातलेलं भाजक्या वांग्याचं भरीत. त्याचा धूर वाइनमधल्या लाकडाला धरतो. मुरलेलं चेडार चालतं. चॉकलेट आणि कुठलंही गोड लांब ठेवा, त्यानंतर वाइन आंबट, पोकळ लागते.

माणसं सहा ते आठ असावीत. ७५० मिलीत प्रत्येकाला शंभर मिलीच्या आसपास येते, आणि चाखायला तेवढी भरपूर आहे. साडेचौदा टक्क्यांच्या एका बाटलीत ऑस्ट्रेलियाच्या मोजणीने साडेआठ प्रमाण पेगांहून (एक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल) जास्त अल्कोहोल असतं. दोघांनी संपवली तर शेवटचे घोट चाखण्याच्या अवस्थेत कुणीच नसतं. बरोसात येऊन चार-पाच ठिकाणी चाखणार असाल तर थुंकायचं भांडं वापरा, त्यात काहीही अशिष्ट नाही, वाइन करणारे सगळेच वापरतात. गाडी चालवणाऱ्याने तर वापरावंच. इथे रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ आहे आणि रस्त्यावर तपासणी होते.

उरली तर लहान स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी अर्धा तास बाहेर काढून प्या. वीस वर्षांच्या पुढची तिसऱ्या दिवशी पोचत नाही. तळाचा गाळ सुती फडक्यातून गाळून घ्या. जी दोन-चार चमचे वाइन निघेल ती पुढच्या मटणात घाला, कांदा लालसर झाल्यावर, मटण टाकण्याआधी.